कारंजाईची ओटी

खालापुरात कुणाचं जातं बोथट झालं की सहदेव पाथरवटाला बोलावणं जायचं. मांडी घालून तो जात्याला टाकी लावायला बसला की हातात छिन्नी चालायची आणि तोंडात जीभ, आणि खरं सांगायचं तर धार जिभेलाच जास्त होती. मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, साहेबानं मोठं कारंजं बांधलं, त्या कामावर सहदेव तरुणपणी होता. एवढं खरं. कारंजाच्या माथ्यावर जी दगडी बाई उभी आहे तिचं तोंड आपण बायकोच्या तोंडावरून घडवलं, हे मात्र साफ खोटं.

आता ही थाप मारायची वेळ का आली, तेही ऐका. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच गडी मुंबईला पळाला आणि दोन वर्षं घराकडे फिरकला नाही. परतला तेव्हा बायको, सुंदरा, आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी, निदान भाकरी तरी गरम मिळावी म्हणून, तो म्हणाला, "तुजंच तोंड घडवत होतो गं तिकडं." सुंदरानं मान वळवून पाहिलं. भाकरी गरम मिळाली, ती पुढं वीस वर्षं मिळत राहिली.

थाप घरात राहिली असती तर गोष्ट वेगळी. पण सुंदरानं ती विहिरीवर नेली आणि हां हां म्हणता त्या दगडी बाईची कारंजाई झाली. कुणी म्हणे ती फुलांची देवी, तिनं नुसतं पाहिलं की वाळली वेल फुलते. कुणी म्हणे पाणी वर चढतं ते तिच्याच सत्त्वानं. सगळा जन्म घाटावरून खाली येणारं पाणी बघितलेल्या गावाला ते पटायला वेळ लागला नाही. भिवपुरीच्या एकाला तर ती भाताच्या बांधावरून चालताना दिसली होती. तिला नथ का नाही, असं कुणी विचारलं तर सहदेव छिन्नी न थांबवता सांगायचा, "भोक पाडलं तर नाकच जातंय. दगड हाय तो."

सगळं झकास चाललं होतं, तोवर शेजारची धोंडूबाई नवस बोलली. सून बाळंतपणातून सुखरूप सुटली तर कारंजाईची ओटी भरीन. सून सुटली आणि वर जुळे झाले.

"सुंदरे, तू पायजेसच," धोंडूबाई म्हणाली. "तुमा दोघींची तोंडं शेजारी धरून बघायची हायत मला. वीस वर्सं नुस्ती ऐकतेय."

सहदेव सबबी शोधायला लागला. त्याचा पाय मुरगळला, मग दाढ दुखली, मग कारंजं दुरुस्तीला काढल्याची बातमी त्यालाच कुठूनशी कळली. कशाचा उपयोग झाला नाही. तिघांनी बैलगाडीनं कर्जत गाठलं आणि तिथून आगगाडी. सुंदरा नवं लुगडं नेसून खिडकीशी बसली होती आणि डब्यातल्या अनोळखी बायांना सांगत होती की मी माझंच रूप बघायला चाललेय. गावानं हसावं, त्याचं सहदेवाला काही नव्हतं. गाव काय, कशालाही हसतं. पण सुंदराच्या नजरेतून आपण आज उतरणार, याची मात्र त्याला धास्ती होती.

आणि कारंजं समोर आलं. पाणी उसळत होतं, उन्हात तुषार उडत होते, घोडागाड्या चहूकडून वळत होत्या. माथ्यावर ती उभी. चाफेकळी नाक, पातळ ओठ, अंगावर धड पदर नाही. सुंदराचं तोंड वाटोळं, नाक बसकं.

धोंडूबाईनं एकदा वर पाहिलं, एकदा सुंदराकडं पाहिलं आणि लुगड्याचा पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. शेवटी तिला तिथंच फतकल मारून बसावं लागलं. तिला बघून सुंदराही हसायला लागली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मान वर करून करून तिला गरगरलं आणि तिनं आधाराला हौदाच्या दगडी काठावर हात टेकला.

हात तिथंच राहिला. बोटं पुढं सरकली, मागं आली. छिन्नीच्या तीन उभ्या खाचा, चौथी तिरकी. तीन उभ्या, चौथी तिरकी. वीतभर जागा, बाकी काठ गुळगुळीत.

"अवं," ती हळूच म्हणाली, "हे माजं जातं हाय."

सहदेवानं मान खाली घातली. त्याला कबूल करावंच लागलं. "काठ साफ गुळगुळीत करायचा हुता. हात चालत हुता न् मन घरी. भान आलं तवा जात्यावानी टाकी लावून बसलो हुतो. मुकादमानं त्याच दिवशी हाकलला. वरच्या बाईला मी हातबी लावला नाय, सुंदरे."

"आन हितं टाकी लावताना डोळ्याम्होरं कोन हुतं?"

"तू हुतीस. दळत हुतीस."

सुंदरानं डोळे पुसले. मग धोंडूबाईच्या हातातलं ताट तिनं ओढून घेतलं, खण त्या वीतभर जागेवर पसरला, वर नारळ ठेवला आणि ओंजळीनं तांदूळ घातले. पहाऱ्यावरचा शिपाई दंडुका घेऊन धावत आला. तो आपलाच माणूस निघाला. "बाई, देवी वर हाय," तो म्हणाला.

"असंल," सुंदरा म्हणाली. "माजी हितं हाय."

शिपायानं इकडंतिकडं पाहिलं, साहेब कुठं दिसला नाही, तेव्हा त्यानंही टोपी सावरत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी खालापुरात विहिरीवर ही गर्दी. रूप जुळतं का? धोंडूबाईनं तोंड उघडलं, पण एवढ्या लांब जाऊन भरलेली ओटी फुकट गेली असं सांगणं तिच्या जिवावर आलं. "डोळं तर हुबेहूब," ती म्हणाली. सुंदरानं पुढचं उचललं. "नाक साहेबानं तासून बारीक केलंय. बाकी मीच."

सहदेवाला राहवलं नाही. बायकोनं एवढं पोटात घातलं, निदान आता तरी खरं सांगावं म्हणून तो पुढं झाला.

"तुमी गप ऱ्हावा," सुंदरा म्हणाली. "वरचं तुमाला काय ठावं? तुमी तर काठावर हुता."

सहदेव मागं सरकला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला थाप मारावी लागली नाही.