भोंग्यानं गिळलेलं नाव

मी भोंगा बोलतोय. बोलतोय कसला, खरखरतोय. पण नेवाशाकडच्या एका शाळेच्या छपरावर होतो तेव्हाचा माझा थाट विचारा! बेलापूरच्या बाजारातून आणून मला चढवलं, मी पहिल्यांदा ‘हॅलो’ म्हणालो आणि प्रवरेपल्याडच्या म्हशी एकदम पान्हावल्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

प्रार्थना, निकाल, कुणाचं दप्तर हरवलं, कुणी चिंचा पाडल्या, सगळं माझ्याच तोंडून गावाला कळायचं. मुख्याध्यापक गोरक्ष सर माइकचं बटण बंद करायला हमखास विसरायचे. एकदा तर डब्यातल्या वांग्याच्या भाजीबद्दलचं त्यांचं मत अख्ख्या गावानं ऐकलं. त्यांच्या मंडळींनीसुद्धा.

एवढं असून मी जळायचो. कुणावर? प्रयोगशाळेतल्या लाकडी स्टुलावर! ना तोंड, ना तार, वर एक पाय डुगडुगता. पण मधल्या सुट्टीत पोरं त्याच्यावर बसून विज्ञानाच्या मेहताब मॅडमना मनातलं सांगायची. माझ्याकडे सगळं ओरडायचं यायचं, कुजबुजायचं काहीच नाही. खिडकीतून मला नुसते हलणारे ओठ दिसायचे आणि माझा पत्रा तापायचा.

एक पोर तर तिथं रोज बसायला लागलं. रडायचं, डोळे पुसायचं, वर्गात जायचं. काय सांगत असेल? अरे, त्या ठोकळ्याला काय सांगतोस, मला सांग की! चार गावांत पोचवतो.

मग पालकसभा आली. शाळा समितीनं नुकताच ठराव केला होता, की मुलांची कुठलीही गोष्ट पालकांपासून लपवायची नाही. मैदान भरलेलं. त्या पोराचा बाप पुढंच बसलेला, आणि पोर पालकांना पाणी वाटत होतं. गोरक्ष सर माइक हातात घेऊनच ऑफिसात मॅडमशी बोलायला गेले. बटण चालूच.

“मॅडम, त्या पोराबद्दल स्टाफरूममध्ये कुजबुज हाय. आज घरच्यांना सांगून टाकू.”

“सर, मुलाला मुलगा आवडला, मुलीला मुलगी आवडली, तर त्यात गुन्हा काय?”

“गुन्हा न्हाई हो! पण ठराव झालाय. उद्या लोक मला धरतील.”

“आणि आज घरचे पोराला धरतील. हाडं मोडतील, शाळा बंद करतील. ज्याचं आहे ते सांगेल, त्याची तयारी झाली की.”

मैदानावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“मला काय कळत न्हाई व्हय? ते आपलं...” आणि सरांनी नाव घेतलं.

नाव तारेतून सरसरत माझ्या घशात आलं. जन्मभर ज्यासाठी जळलो, ते आयतं तोंडात! स्टुलाची जिरवायची हीच वेळ होती.

तेवढ्यात खाली पोराच्या हातातला पेला कलंडला. पाणी बापाच्या पायावर. पोराचं लक्ष तिकडे नव्हतंच. ते वर माझ्याकडे बघत होतं.

मी किंचाळलो. कूंऽऽई! अशी शीळ, की पारावरची कुत्री थेट वेशीपर्यंत पळाली. आतला पडदा फाटेपर्यंत थांबलो नाही.

“आगं बया!” पालकांतली साळूबाई कान झाकत म्हणाली, “भोंग्यात कोल्हं शिरलं का काय?”

मैदान हसलं. बापही हसला आणि धोतराचा सोगा पिळत म्हणाला, “आनखी पानी आन रं बाळा, ह्ये समदं मलाच पाजलंस!”

आत मॅडमनी झडप घालून बटण बंद केलं. गोरक्ष सर माइक ठेवून बाहेर माझ्याखाली आले. “माझ्याच तोंडून गेलं असतं हो,” एवढंच म्हणाले. ठराव त्या दिवशी कुणी वाचला नाही, पुढंही नाही.

वायरमन कानिफनाथनं मला उतरवलं. आता मी अडगळीत पडलोय. परवा तो मला ठोकून म्हणाला, “लई दणकट हाय. पडदा बदलला की पुन्हा गर्जंल!”

नको रे बाबा, कानिफनाथ. ते नाव अजून घशात अडकलंय. स्टुलाला जे ठाऊक आहे ते आता मलाही ठाऊक आहे, आणि यात तिसरा वाटेकरी मला सहन होणार नाही. तुम्हीसुद्धा विचारू नका. त्या पोराला सांगावंसं वाटेल तेव्हा ते स्वतःच्या आवाजात सांगेल. तोवर माझा पडदा फाटकाच राहू द्या.