रातकिड्यांवरची पांढरी पूड

गेंबुलचा पुढचा पाय विळ्यासारखा वाकला, तेव्हा वेनिंग त्याला टोपलीत घालून मलांग शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सरड्याला उलटसुलट करून पाहिलं. त्या बिचाऱ्याला रंग बदलण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

"हाडं मऊ पडलीत. रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावत नाही का?"

"रोज लावते. आधी किड्यांना गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊ घालते, मग पूड."

"मग ती याच्या पोटात जात नाहीये. मध्येच कुठे जाते ते बघा. असंच चाललं तर हा काही फार दिवस काढणार नाही."

परत येताना वेनिंगच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती घरापर्यंत गप्प बसली नाही. पूड लावणारी ती, खाणारा गेंबुल. मध्ये एकच माणूस होता, तिचा सासरा कार्सीदी. अंगावर ऊन आल्याशिवाय गेंबुल तोंड उघडत नसे, आणि अंगणात ऊन येईपर्यंत वेनिंग बेकरीत पाव भाजत उभी असे. म्हणून पूड लावलेले किडे ती झाकणाच्या डब्यात ठेवून जाई आणि ऊन आलं की सासरा ते पिंजऱ्यातल्या वाडग्यात सोडी.

कार्सीदी जातिवंत पाखरांचा माणूस. तीस वर्षं मुराई पक्षी पाळले, गाण्याच्या स्पर्धांना नेले. लंगेंगने, म्हणजे त्याच्या मुलाने, वेनिंगच्या नवऱ्याने, हा सरडा घरी आणला तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "पाखरू गातं तरी. हा नुसता डोळे गरगरा फिरवतो, सावकारासारखा." मागल्या वर्षी लंगेंग मोटरसायकलवरून गेला, तो अपघातातून परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला गेंबुल, आणि त्याच्यापायी एका घरात राहिलेली दोन माणसं.

आता म्हाताऱ्याला सरडाही नको आणि सूनही नको, असं वेनिंगने मनाशी ठरवूनच टाकलं. एकदा ठरलं की पुरावे काय, पायलीभर मिळतात. तो हल्ली तिच्याकडे तिरका बघायचा. ती पूड लावायला बसली की पाणी प्यायच्या निमित्ताने मागे येऊन उभा राहायचा.

"काय बघता, बापाक?"

"काही नाही, नदुक," लेकीला म्हणावं तसं तो म्हणायचा. "फार पांढरं करतेस."

"करावं लागतं."

"हो का," एवढंच म्हणून तो निघून जायचा. त्या 'हो का'ने तिच्या अंगाची लाही व्हायची.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि मागच्या बाजूने येऊन पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसली. ऊन आलं. म्हाताऱ्याने डबा उघडला. एकेक रातकिडा चिमटीत धरून नळाच्या बारीक धारेखाली धरला, अंगठ्याने हळुवार चोळला, जुन्या गंजीफ्रॉकवर टिपला. लहान मुलाचं नाक पुसावं तितक्या काळजीने. सगळी पूड मोरीतून वाहून गेली.

"बापाक!" वेनिंग टाकीआडून बाहेर आली. "मारायचंच होतं तर सरळ मारायचं होतं. असं उपाशी हाडांनी कशाला?"

म्हातारा दचकला, पण किडा काही त्याने सोडला नाही. "मी मारतोय? विष तू लावतेस आणि मी मारतोय?"

"कसलं विष?"

"मुंग्यांचा खडू. मला शिकवू नकोस. रातकिडेवाल्याने पेटीभोवती खडू ओढला होता, त्याची पांढरी भुकटी किड्यांच्या पायांना लागली. माझा सगळ्यात गाणारा मुराई सकाळी ते किडे खाऊन दुपारी काडीवरून खाली पडला. तेव्हापासून पांढरा किडा मी धुतल्याशिवाय कुणाला घालत नाही."

"हे औषध आहे, बापाक. हाडांचं. मग मला विचारलं का नाहीत?"

कार्सीदीने नळ बंद केला. ओली बोटं गंजीफ्रॉकला पुसली.

"तू तरणी आहेस. तुझी आई दर ईदला तुला न्यायला येते. मला वाटलं, लंगेंगचा हा जीव गेला की तू मोकळी. तोंडाने सांगवत नसेल, म्हणून असं करतेस. विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर? त्यापेक्षा धुतलेलं बरं."

वेनिंगला हसावं की रडावं कळेना, आणि शेवटी रडूच आलं. इतके दिवस दोघंही एकाच जिवाला वाचवत होती, एकमेकांपासून. तिने आतून पुडीची डबी आणली, चिमूटभर पूड जिभेवर टाकली आणि गिळली. म्हाताऱ्याने डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मळमळतंय?"

"नाही."

"बघ हं."

"नाही म्हटलं ना. दुसरे किडे काढा. ओल्यांवर पुडीचा गोळा होतो."

त्याने पेटीतले कोरडे किडे काढले, तिच्या सांगण्याप्रमाणे पिशवीत पुडीबरोबर हलवले. आणखी थोडी घालू का, म्हणाला. जास्तही वाईट, असं तिने सांगितलं. पांढरा रातकिडा वाडग्याच्या कडेवर चढला. गेंबुलचा एक डोळा तिकडे वळला, मग दुसरा, आणि जीभ सुटली. म्हाताऱ्याने वेनिंगचं मनगट घट्ट पकडलं. गेंबुल चावत राहिला, मग त्याने किडा गिळला, आणि नंतरही बराच वेळ कार्सीदीने तिचं मनगट सोडलं नाही.