कुंदाबाईची चुंबळ दुर्गला जाते

मी चुंबळ बोलते आहे. नाव ऐकून शहरातली मुलं आईकडे बघतील, म्हणून आधीच सांगून टाकते. डोक्यावर घागर, पाटी किंवा भारा घ्यायचा तर खाली कापडाचं गोल वेटोळं ठेवतात ना, ती मी. ओझं आणि माणूस यांच्या मधोमध बसायचा मान मला मिळाला आहे. त्यामुळे माझ्यात थोडा तोरा आहे, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

माझा जन्म सौंदडजवळच्या एका गावात, कुंदाबाईच्या ओसरीत झाला. बाकीच्या बाया एखादं जुनेर पिळतात, वेटोळं करतात आणि काम झालं की झटकून खांद्यावर टाकतात. कुंदाबाईला तसलं कामचलाऊ काही आवडत नसे. तिने आपलं निळं लुगडं फाडलं, पट्ट्या घट्ट पिळल्या, गोल गुंडाळल्या आणि जाड दोऱ्याचे टाके घालून मला कायमची गोल केली. वीस वर्षांत त्यातला एकही टाका सुटला नाही.

तिच्या डोक्यावर बसून मी काय काय पेललं म्हणून सांगू? विहिरीचं पाणी, शेणखताच्या पाट्या, रोवणीच्या दिवसांत धानाच्या रोपांच्या जुड्या, कापणीनंतर भारे. कुंदाबाईचा मूड मला मानेवरून कळे. यादोरावांशी, म्हणजे नवऱ्याशी, भांडून निघाली की तिची मान अशी ताठ असे की घागरीतलं पाणीसुद्धा हिंदकळायला भीत असावं.

मग अंगणात नळ आला. भारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी येऊ लागले. मी चुलीजवळच्या खुंटीवर गेले आणि तिथेच राहिले. माझ्या आडोशाला एका पालीने संसार थाटला. वाईट वाटलं का? वाटलं. पण कुंदाबाईच्या डोक्याला आराम मिळाला, हेही खरं होतं.

आराम मिळाला तो डोक्याला. कमरेने मात्र त्याच सुमारास दगा दिला. कळ कमरेतून निघायची, डाव्या मांडीच्या मागून पोटरीत उतरायची आणि टाचेपर्यंत जायची. साकोलीच्या डॉक्टरने सांगितलं की नस दबली आहे. रोज व्यायाम करा, ओझं उचलू नका, एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसू नका, बसाल तेव्हा कमरेच्या पोकळीत कापडाची गुंडाळी ठेवा. यादोरावांनी घरी येऊन तो कागद मोठ्याने वाचला. घरच्यांच्या ध्यानात राहिलं ते एकच, ओझं उचलू नका. दुसऱ्या दिवशी मुलाने, हिमांशूने, कमरेचा एक महागडा पट्टा आणून दिला आणि सगळे निर्धास्त झाले.

त्यानंतर दोन वर्षं कुंदाबाई कुठे गेली नाही. लग्न असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, गाडी निघताना कोणीतरी म्हणायचंच, "आई, तू घरीच राह, आराम कर." प्रेमानेच म्हणायचे. गाडी गेली की ती खुंटीखाली येऊन बसे, आणि एक पाय चोळत दाराकडे बघत राही. मुलगी गुंजन राज्याच्या सीमेपलीकडे, दुर्ग शहरात दिली होती. लग्नानंतर तिचं घर आईने एकदाही पाहिलं नव्हतं.

या वर्षी धान निघून महिना झाला असेल, गुंजनचा फोन आला. सातवा महिना लागला होता आणि रविवारी ओटी भरायची होती.

"चार घंट्याचा रस्ता आहे, आई," हिमांशू म्हणाला. "तू कायले त्रास घेतेस? नीतू भरन ना ओटी."

"नीतू भरन तर गुंजनची आई कोन, नीतू?"

नीतू म्हणजे हिमांशूची बायको. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी नाही भरत. आईचं काम आईनंच करावं."

शेवटी यादोराव म्हणाले, "चल मंग. पन रस्त्यात कुरकुर नको करू, सांगून ठेवतो."

आणि इथेच घोळ झाला. कुंदाबाईने ते वाक्य मनावर घेतलं. तोंडातून शब्द काढायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं. एकदा हा प्रवास निमूट पार पडला की पुन्हा कोणी घरी राह म्हणणार नाही, असा तिचा हिशोब होता. कुरकुर झालीच तर मात्र पुढचे सगळे दरवाजे बंद. रविवारी पहाटे तिने मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि काखेत घेतलं. पाल कुठे गेली ते मला ठाऊक नाही.

गाडी हिमांशू चालवणार आणि शेजारची पुढची सीट यादोरावांची. हे आमच्याकडे कोणी ठरवलेलं नाही आणि कोणी मोडलेलंही नाही. त्यांनी सीट मागे सरकवून पाय पसरले. त्यांच्या मागे कुंदाबाई, पायाशी फराळाचे डबे, शेजारी तांदळाची पिशवी आणि पलीकडे नीतू. कमरेचा पट्टा लुगड्यावरून करकचून बांधलेला. कुंदाबाईने मला सीटवर ठेवलं आणि माझ्यावर बसली.

"चुंबळीवर ठेवलं म्हंजे गाडगं कलंडत नाही," यादोराव म्हणाले. सगळे हसले, कुंदाबाईही हसली. पण बाई काही गाडगं नसते. माझा गोल काठ तिच्या हाडांना टोचत होता आणि ते मला तिच्यापेक्षा आधी कळलं होतं. काय करणार, चुंबळीला स्वतःहून सरकता येत नाही.

कोहमाऱ्याला पोचेपर्यंत कळ मांडीत उतरली होती. ढाब्यावर गाडी थांबली. हिमांशू म्हणाला, "आई, चहा घेतेस ना?"

"इथंच आन," कुंदाबाई म्हणाली. उतरली असती तर लंगडणं दिसलं असतं. ती बसून राहिली, चहा संपवला, आणि गाडी देवरीकडे निघाली. वाटेत हिमांशू गमतीजमती सांगत होता. ती हूं, हूं करत होती आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरत होती. घामाने मी भिजले. थंडीचे दिवस होते, हे लक्षात घ्या.

देवरीला डिझेल भरायला थांबले तेव्हा नीतूचं तिच्याकडे लक्ष गेलं. "आई, तुमचं तोंड पांढरं काऊन पडलं?" तिने दार उघडून हात दिला. कुंदाबाईने डावा पाय खाली ठेवला, तर पायाने जमीन ओळखलीच नाही. ती दारालाच लटकली.

हिमांशू घाबरला. "बस झालं. इथूनच वापस जाऊ. घर अजून जवळ आहे."

कुंदाबाईने गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकले आणि कंबर हळूहळू सरळ केली. थोडी मागे वाकली, पुन्हा सरळ झाली. असं चार-पाच वेळा केलं. मग गाडीला धरून इकडून तिकडे फिरली. पायात मुंग्या आल्या, मग पाय परत आला.

"वापस जाचं नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्सं मी धानाच्या बांधीत वाकून रोवनं रोवलं. पंधरा बाया माझ्या संगं राहत. पात सरली का मी म्हनो, उठा. साऱ्या एकदम कंबर सरळ करत. जी नाही उठली, तिले सांजच्याले बांधावर चढता येत नसे. या गाडीत कोनी उठा म्हनलंच नाही."

"मंग तू काऊन नाही म्हनलं?" हिमांशू म्हणाला.

"तुझ्या बापानं कुरकुर नको म्हनलं होतं."

यादोराव डिझेलच्या पंपावरचे आकडे फार लक्ष देऊन वाचू लागले. मग त्यांनी पुढचं दार उघडलं, आपला गमछा उचलला आणि म्हणाले, "तू समोर बस. मी मागं जातो." आयुष्यात पहिल्यांदाच ते डब्यांत पाय खुपसून, तांदळाच्या पिशवीला टेकून बसले. अडचण किती होती ते त्यांना तिथे बसल्यावरच समजलं असावं, कारण त्यांनी एक डबा स्वतः उचलून मांडीवर घेतला.

कुंदाबाईने पट्टा सैल केला. मग मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि तिला डॉक्टरची गुंडाळी आठवली. पुढे काय होणार ते मी ओळखलं. तिने दातांनी टाका तोडला.

खरं सांगते, मी घाबरले. गोल असणं एवढीच माझी ओळख होती. एकेक टाका तुटत होता आणि मी वळवळत लांब होत होते. नीतूने मला लांबट गुंडाळलं, केसांची दोन रबरं दोन टोकांना चढवली आणि कुंदाबाईच्या कमरेमागे सरकवलं. कुंदाबाई टेकली. आतापर्यंत माझ्यावर ओझी ठेवली गेली, पण ओझ्याला श्वास असतो हे मला तेव्हा प्रथम कळलं. तो श्वास लांब होता. माझी भीती तिथेच गेली.

त्यापुढे गाडी कुंदाबाईच्या हुकमाने चालली. अर्धा तास झाला की ती म्हणे, "थांब." गाडी सावली बघून थांबे, ती पंचवीस पावलं जाई, पंचवीस पावलं येई, आणि आम्ही निघत असू. तिसऱ्या थांब्याला यादोरावच सगळ्यांच्या आधी उतरले आणि गुडघे धरून उभे राहिले. दुखणं गेलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण ते आता कुंदाबाईला विचारून दुखत होतं.

दुर्गला पोचायला दीड तास उशीर झाला. बाया जमून बसल्या होत्या. गुंजनच्या सासूबाईंनी, गीताबाईंनी, वाट पाहून कार्यक्रमाला सुरुवात केली होती. गुंजन पाटावर बसली होती. चेहरा हसरा, एक हात पोटावर आणि दुसरा, कोणाला दिसू नये असा, कमरेमागे. कुंदाबाई तीन पायऱ्या आपल्या पायांनी चढली आणि दारातच थांबली. तिने तो हात पाहिला.

"गुंजन, ऊठ."

शाळेच्या सुट्टीत पोरगी आईच्या रांगेत रोवायला जायची. आवाज कानावर पडला तशी ती विचार न करता उठली आणि कंबर सरळ केली.

"अहो, अजून ओटी व्हायची आहे," गीताबाई म्हणाल्या.

"उभ्यानं होते, ताई. मले खाली बसता येत नाही, अन तिले बसवत नाही."

गीताबाईंनी दोघींकडे पाहिलं. मग त्यांनीच पाट बाजूला केला आणि तांदळाचं ताट उचलून कुंदाबाईच्या हाताजवळ धरलं. आईने मुलीची ओटी उभ्याने भरली.

"पंधरा दिवसांपासून कंबर दुखून राहिली, आई," गुंजन हळूच म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू कुठं बोलत होती?"

कुंदाबाईने मुलीला पोटाशी घेतलं आणि दोघी रडल्या. नंतर तिने गाडीतून मला आणवलं, गुंजनला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या कमरेमागे मला सरकवलं. जाताना मला परत नेलं नाही.

तेव्हापासून मी दुर्गला आहे. रबरं सैल झाली आहेत, निळा रंग विटला आहे, आणि मी पुन्हा गोल होईन असं मला वाटत नाही. माझी हरकत नाही. पुढच्या महिन्यात बाळंतपणाला कुंदाबाई येणार आहे. हिमांशू आता तिला येतेस का असं विचारत नाही, कुठे कुठे थांबायचं ते विचारतो.

आता माझं ऐका आणि मला मोकळी करा. कुटुंब घेऊन कुठे निघालात आणि गाडीत एखादी बाई फारच शहाण्यासारखी गप्प बसलेली दिसली, तर तिला काय होतंय असं विचारू नका. ती काही नाही म्हणेल. गाडी थांबवा, आणि आधी तुम्ही उतरा.