बाबांचा खालचा ओठ

बोकडाचा जबडा आणायला ताईने मला नया नगरला पाठवलं तेव्हा खाटीक म्हणाला, "सिर्फ जबडा? कुत्ता पाला है क्या?"

मी म्हटलं, "बहन है. डॉक्टर है."

तो एवढा हसला की एकावर एक जबडा जास्त टाकला पिशवीत.

ताई म्हणजे संचिता, दातांची डॉक्टर. मी निकेत, शाळा सोडलेला, काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून मालकाच्या कानाखाली वाजवून हाकललेला. आमची तुलना करायची घरात कुणाला गरज नव्हती. बाबा माझ्याकडे बघून नुसते नाकातून हवा सोडायचे, तेवढ्यात सगळं आलं.

ताईने तो जबडा सिंकमध्ये धुतला, खराट्याची काडी घेतली आणि हाडाच्या बाजूला एक बारीक भोक होतं त्यात घातली. काडी आतल्या आत सरकत गेली.

"बोगदा आहे," ती म्हणाली. "आपल्याला पण असतो, खालच्या जबड्यात. ह्याच्यातून ओठाची नस जाते. इम्प्लांट म्हणजे काय, हाडात ड्रिलने भोक पाडायचं, स्क्रू पिळायचा, वर दात बसवायचा. पण ड्रिल ह्या बोगद्यात घुसलं ना, की खालचा ओठ गेला."

"गेला म्हणजे? गळून पडतो?"

"नाही रे येड्या. आहे तिथेच असतो. पण तुझा नसतो."

तेवढ्यात आई आली. "मंगळवारी माझ्या सिंकमध्ये बोकड?" तिने दोन्ही जबडे उचलले आणि सरळ खाली कचऱ्याच्या पेटीत टाकून आली, वर आंघोळ केली.

हे सगळं सुचेता मॅडममुळे. ताईच्या कॉलेजातल्या त्या मॅडम मुंबईत इम्प्लांटचा कोर्स घ्यायच्या. वर्षभर दर शनिवारी. पहिले कितीतरी महिने फक्त बोकडाचे जबडे, पेशंटला हात लावायचा नाही. लावायचा तेव्हा मॅडम खांद्याशी उभ्या. ताईचं त्यात नाव घालायचं ठरलंच होतं.

मग दातांचं सामान विकणारा सेल्समन एक पत्रक ठेवून गेला. काशीमीऱ्याच्या हॉटेलात, दोन दिवसांत, खऱ्या पेशंटवर स्वतःच्या हाताने. पेशंट तुमचा तुम्ही आणायचा. संध्याकाळी सर्टिफिकेट.

ताईच्या दवाखान्यासमोरच दुसऱ्या एका डॉक्टरने इम्प्लांटचा लाईटवाला बोर्ड लावला होता. ताईचे पेशंट रस्ता ओलांडून तिकडे जायचे आणि ती खिडकीतून बघायची. हंसाबेन तर जाताना हात पण हलवायच्या.

"वर्षभर तू बोकडांशी खेळ," बाबा म्हणाले, "तोवर समोरचा अख्खं मीरा रोड गिळेल."

"अहो बाबा, पण पेशंट कुठून आणू? पहिल्यांदा करतेय म्हटल्यावर कोण तोंड उघडेल?"

बाबांनी तोंड उघडलं. डावीकडे खाली दाढ नव्हती त्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "ही खोली रिकामीच आहे, डॉक्टरीणबाई."

"ताई, बाबांवर नको," मी म्हटलं.

"नापासाने मत द्यायचं नाही," बाबा म्हणाले.

मी बादलीला लाथ घातली आणि बाहेर गेलो. परत आलो तेव्हा पत्रकावरचा फॉर्म भरून झाला होता.

हॉटेलच्या हॉलमध्ये आदल्या दिवशी कुणाची तरी हळद झाली होती. भिंतीवर थर्माकोलची अक्षरं तशीच, वर बॅनर चढवला होता, आणि खुर्च्यांना पिवळे डाग. पहिल्या दिवशी डॉक्टरांना प्लास्टिकचे जबडे दिले. दुसऱ्या दिवशी माणसं. शिकवणारे कौस्तुभ सर कॉलरला माईक लावून फिरत होते. हसले की स्पीकरमधून पण हसायचे.

ताई मोठी एक्स-रे फिल्म घेऊन त्यांच्या मागे. "सर, नस जवळ वाटतेय. आधी सीटी स्कॅन करून घेऊ का?"

"डॉक्टर, फिल्मवर मोजलंय ना?"

"मोजलंय. पण फिल्मवर सगळं मोठं दिसतं, म्हणून..."

"घाबरायचंय तर घरी बसून रूट कॅनल करा." स्पीकरमधून अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. बाकीचे डॉक्टर हसले. ताईने फिल्म खाली ठेवली.

नातेवाईकांना बाजूच्या खोलीत बसवलं होतं, टीव्हीवर आतलं दाखवत होते. नुसती तोंडं. रक्त, आरसा, बोटं. कुणाचं तोंड कुणाला कळत नव्हतं. एक बाई भलत्याच माणसाकडे बघून देवाचं नाव घेत होती. बाबांचं तोंड मी दातांवरच्या तंबाखूच्या डागावरून ओळखलं. मला बसवेना. मी उठून हॉलच्या दारात गेलो.

सर पलीकडच्या खुर्चीपाशी एका डॉक्टरबरोबर फोटो काढत होते. ताई एकटी ड्रिल चालवत होती. बाबांनी त्या दिवसासाठी नवे मोजे घातले होते, निळे. एकाएकी त्यांचा पाय करंट बसल्यासारखा उडाला, खालचा ट्रे घेऊन.

"सर!" ताई ओरडली.

सर आले, वाकून बघितलं. "रक्त थोडं जास्त आहे. चालतं. स्क्रू घाला, आपोआप बंद होईल."

"पाय उडाला सर त्यांचा."

"घाबरलेत ते. आणि तुम्ही पण. घाला."

ताईने दाराकडे बघितलं. मास्कमुळे नुसते डोळे दिसत होते. मी मान हलवली, नको म्हणून. सर तिथेच उभे होते. तिने स्क्रू घातला.

संध्याकाळी घरी बाबा चहा प्यायले. चहा हनुवटीवरून शर्टात उतरत होता आणि ते कपाचं कौतुक करत बसले होते. इंजेक्शनचा असर आहे, उतरेल, असं ताई म्हणाली. सकाळी बाबांनी उठल्या उठल्या स्वतःच सांगून टाकलं, "उतरला बरं का. एकदम क्लिअर."

ताईचा विश्वास बसला नाही. ती आम्हाला घेऊन दवाखान्यात गेली, बाबांना खुर्चीत झोपवलं, वरचा लाईट लावला आणि टाचणी घेतली.

"लागली की सांगा."

"लागली... लागली... आता हनुवटीला."

सगळं बरोबर. ताईचा चेहरा सैल झाला. पण बाबा छताकडे बघत नव्हते. मी त्यांच्या डोक्यामागे वाकलो. लाईटच्या काचेत त्यांचा अख्खा चेहरा दिसत होता, ताईचा हात पण.

"ताई, बाबा काचेत बघतायत!"

"गप रे, गधड्या!" बाबा ओरडले.

ताईने त्यांच्या डोळ्यांवर नॅपकिन टाकला. टाचणी उचलली, ओठापाशी नेली, आणि तशीच हवेत धरली.

"आता?"

"लागली," बाबा म्हणाले. "चांगली जोरात लागली."

ताईने टाचणी ट्रेमध्ये ठेवली. कितीतरी वेळ नॅपकिन काढला नाही तिने. त्यांनी तिचा चेहरा बघायला नको होता.

मग सरांना फोन. सर पुढच्या गावाला निघाले होते. "थांबा, येईल सहा महिन्यांत. हात लावू नका त्याला."

"सर, नसेवर दाब असेल तर काढायला पाहिजे ना लगेच? कसा काढायचा? हत्यारं तर तुमच्याच किटमध्ये आहेत."

"तुम्ही नवीन आहात डॉक्टर. थांबायला शिका." फोन कट.

ताई स्टुलावर बसली. "घालायला शिकवलं," ती म्हणाली. "काढायला नाही शिकवलं."

"तुझ्या मॅडमना लाव," मी म्हटलं.

तिने दोनदा नंबर काढून खोडला. मग मीच मोबाईल हिसकावून बटण दाबलं. सुचेता मॅडम ओरडल्या नाहीत. तेच वाईट वाटलं. एवढंच म्हणाल्या, "आत्ता घेऊन ये. संध्याकाळी नको, उद्या नको. आत्ता."

मी धावत जाऊन स्टेशनपर्यंत जायला रिक्षा आणली. बाबा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिले.

"मी येणार नाही. तिथे तुझे सगळे सर, मॅडम. काय सांगणार त्यांना, बापावर शिकत होते? नाव जाईल पोरी."

"बाबा, नाव गेलं तर जाऊ दे. ओठ तुमचा आहे."

"माझाच आहे ना? मग मी ठरवणार."

मी त्यांचा दंड धरून ओढलं. "चल! चल म्हणतो ना!" त्यांनी कानाखाली मारली मला, तीही पेशंटसमोर, कारण तेवढ्यात हंसाबेन दाराशी आल्या होत्या. बाबा लगेच उठून हसले. "या या, हंसाबेन. काल आमच्या डॉक्टरांनी इम्प्लांट केला. बघा." आणि वाकडं तोंड उघडून दाखवलं.

"भाई, आना है के नहीं?" रिक्षावाला हॉर्न मारत होता.

ताई माझ्याकडे बघत होती, हंसाबेनकडे, बाबांच्या उघड्या तोंडाकडे. मला वाटलं आता ओरडेल. ओढेल त्यांना माझ्याबरोबर.

"राहू दे, निकेत," ती म्हणाली. "बसा हंसाबेन."

रिक्षा गेली.

ओठ आला नाही. दात मात्र मस्त बसला. वर कॅप चढवली तेव्हा खरी दाढ कुठली ते कळत नव्हतं. बाबा रविवारी ग्राउंडवर पोरांच्या कबड्डीला पंच असायचे, ते बंद केलं. शिट्टी ओठात राहायची नाही, खाली पडायची आणि पोरं उचलून द्यायची. पोरं हसायची नाहीत. त्याचाच त्यांना जास्त राग यायचा. भाताचं शीत हनुवटीला चिकटलेलं असायचं आणि आई स्वतःची हनुवटी पुसायची, की ते पण पुसायचे.

मग त्यांनी नवीन काम काढलं. रोज सकाळी ताईच्या दवाखान्यात बाकड्यावर येऊन बसायचे, हातात रुमाल. पेशंट आला की हसायचे. "मुलीने बसवलाय. टकटक करून बघा." भिंतीवर सर्टिफिकेट होतं. बाबांनीच फ्रेम करून आणलेलं.

असंच त्यांनी एका माणसाला पटवलं. पाली गावचा होता, हरिश्चंद्र नाव, समोरच्या डॉक्टरचा बोर्ड सोडून इकडे आला. "मला ह्यांच्यासारखाच पायजेल," म्हणाला.

ताईने त्याचं तोंड बघितलं. हातमोजे काढले.

"मी इम्प्लांट करत नाही," ती म्हणाली.

"अवो, हे तर सांगतात..."

"एकच केला. आता नाही करत. तुम्हाला माझ्या मॅडमच्या नावाने चिठ्ठी देते, मुंबईला जा."

तो गेला. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं शिव्या देतील. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"करत नाही म्हणजे? मग माझा ओठ कशाला गेला?"

ताईने स्टूल घेतलं, त्याच्यावर चढली, सर्टिफिकेट काढलं आणि कपाटाच्या मागे उलटं ठेवलं. आधीच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

"निकेत," खाली उतरत ती म्हणाली, "नया नगरला जा. जबडे आण. खालचे. असतील तेवढे सगळे."

"आई टाकून देईल."

"इथे ठेव. शनिवारी मॅडमकडे न्यायचेत."

बाबा परत बाकड्यावर बसले. रुमाल हातातच होता, पण लाळ हनुवटीपर्यंत आली होती आणि त्यांना माहीत नव्हतं. मी जाताना माझी हनुवटी पुसली. त्यांनी बघितलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.