दोन ठोके

ओठांत चार टाचण्या धरून तो गुडघ्यांवर बसला होता आणि मुलीच्या बाहीची दुमड ब्लेडच्या टोकाने उसवत होता. भोवती मालिका-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याचं भलं मोठं सभागृह, माणसांचा नुसता गलबला, आणि त्या गलबल्यात पंख लावलेली, शिंगं लावलेली, तोंडं निळी केलेली माणसं कागदी कपांतून कॉफी पीत उभी. शिंप्याला त्यांतलं कुणीच ओळखीचं नव्हतं. त्याला दिसत होत्या त्या शिवणी. शेजारून गेलेल्या एका राजपुत्राच्या झग्याला अस्तर नव्हतं, आणि काखेत तो आता फाटतो की मग, असा ताणला होता.

"हात सरळ धर," टाचण्यांमधूनच तो म्हणाला.

"सरळच आहे. बाही आखूड आहे, बाबा."

आखूड होतीच, चांगली दोन बोटं. माप त्याने स्वतः घेतलं होतं आणि मापाच्या बाबतीत त्याच्याकडे सहसा कुणी बोट दाखवत नसे. पण ते घेऊन साडेतीन महिने झाले होते. मध्ये तिची परीक्षा, मग तिच्या आईकडचे पाहुणे, मग ताप, असं करत भेटीचे एकाआड एक ठरलेले शनिवार गळत गेले, आणि इकडे तो जुन्या आकड्यांवर शिवत बसला. मुलगी रोज डोळ्यांसमोर असती तर ही चूक झाली नसती. सकाळी ती बसमधून उतरली तेव्हाच त्याच्या ते लक्षात आलं आणि फार लागलं.

"बरं झालं वाढत्या अंगाचं शिवलं," तो म्हणाला. "आत कापड आहे अजून."

"मी चौदा वर्षांची आहे. आता कसलं वाढतं अंग?"

"का? थांबवलंस वाढायचं?"

ती हसली. अंगाने लहानपणापासून काटकुळी, म्हणून तो तिला सुतळी म्हणायचा. आता ती त्याच्या कानापर्यंत आली होती आणि चारचौघांत सुतळी म्हटलेलं तिला चालत नव्हतं.

त्याला तिला एक गोष्ट विचारायची होती. मंगळवारी तिच्या आईचा फोन आला होता. परदेशातल्या नोकरीचं नक्की झालं, पुढच्या महिन्यात निघायचं, आणि मुलीला बरोबर न्यायचं तर बापाची सही हवी. "कागद पाठवते," ती म्हणाली होती, "पण आधी तिला विचार. तूच विचार. मला ती नुसतं बघू म्हणते. तिला यायचंय की नाही, काही थांगपत्ता लागत नाही." दोघं वेगळे झाले त्याला सहा वर्षं झाली होती आणि आता भांडण असं काही उरलं नव्हतं. भांडायलाही रोज एका घरात राहावं लागतं.

मंगळवारपासून त्याने तो प्रश्न घोकला होता. दुकानात इस्त्री फिरवता फिरवता मोठ्याने म्हणूनही पाहिला होता. आणि आता ऐन वेळी तोंडात टाचण्या. काढून हातात धरता आल्या असत्या, नाही असं नाही. पण त्याने काढल्या नाहीत. जाते म्हणाली तर काय? महिन्याचे दोन शनिवार, एवढीच मुलगी त्याच्या वाट्याला होती. ते गेले की दुकान बंद करून घरी जायला काही कारणच उरणार नव्हतं.

बाही लांब झाली. त्याने धागा दातांनी तोडला.

"चल," ती म्हणाली. "आता तू."

ती ज्या मालिकेपायी वेडी होती, तिच्यात एक पोरसवदा कप्तान होती आणि तिचा एक यंत्रमानव होता, ठोक्या नावाचा. कप्तान झाली ती, ठोक्या झाला तो. ठोक्याचं डोकं त्याने शर्टाच्या कॉलरीत घालतात त्या बकरमचं केलं होतं. बादलीवर चिकटवलेले सात थर, वरून रुपेरी रंग, हनुवटीखाली बक्कल लावलेला पट्टा. छातीवर बिस्किटांच्या डब्याचं झाकण. ठोक्याला तोंड नसतं. विचारलेल्याचं उत्तर तो छातीवर ठोकून देतो. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"आणि बोलायचं नाही," तिने बजावलं. "एक शब्दही नाही. नाहीतर सगळा विचका होईल."

"बरं."

"बाबा."

त्याने छातीवर एकदा ठोकलं.

पुढचे दोन तास त्याचे मजेत गेले, हे त्यालाही मान्य करावं लागलं असतं. आत उकडत होतं, डोळ्यांच्या फटीतून जेमतेम समोरचं दिसत होतं, ऐकू तर निम्मंशिम्मंच येत होतं. पण दहा पावलं चाललं की कुणीतरी अडवायचं. फोटो काढायचे. एका चिमुरडीने त्याला तू झोपतोस का, जेवतोस का, शाळेत जातोस का, असं सगळं विचारून घेतलं आणि प्रत्येक ठोक्याला ती टुणकन उडी मारत राहिली. एका बाईंनी डोकं कुठून मागवलं म्हणून चौकशी केली.

"माझ्या बाबाने केलंय," मुलगी म्हणाली. "आत तोच आहे."

बकरमच्या आत त्याला हसू आवरेना. ते कुणाला दिसत नव्हतं म्हणून त्याने आवरलंही नाही.

मग तिच्या मैत्रिणी भेटल्या. मालिकेवर इंटरनेटवर गप्पा मारताना झालेल्या, प्रत्यक्षात पहिल्यांदाच भेटत होत्या. पण गळ्यात गळे असे पडले की जणू एका वर्गात शिकल्या. तो एक पाऊल मागे सरकून उभा राहिला. मधूनमधून शब्द कानांवर येत होते. एक विचारत होती, तिकडे थंडी खूप असते ना. दुसरी म्हणाली, शाळेचे फोटो पाठवलेस ते भारी होते. मुलगी हात हलवून हलवून काहीतरी सांगत होती आणि लांब केलेली बाही मनगटावर बरोबर बसली होती. म्हणजे शाळासुद्धा बघून झाली होती. या पोरींना माहीत, त्याला नाही. त्याच्याकडे पाहत एकीने विचारलं, "ह्याला सांगितलंस?" मुलगी काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. तिने फक्त मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्या फटीतून काही समजेना.

इतक्या माणसांत उभा राहून इतकं एकटं त्याला रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

दुपारी वेशभूषेची स्पर्धा होती. पडद्यामागे रांग लागली. त्यांच्या पुढे तीन जोड्या होत्या. स्टेजवर जाऊन कप्तानाने तीन प्रश्न विचारायचे आणि ठोक्याने ठोकून उत्तरं द्यायची, एवढाच प्रवेश बसवला होता.

"एकदा करून बघू," ती म्हणाली. "इंधन आहे?"

एक ठोका.

"वाट आठवते?"

एक.

"वादळाची भीती वाटते?"

दोन.

"छान." तिने पडद्याकडे एकदा पाहिलं. मग त्याच्या शेजारी आली, कानाशी, म्हणजे कान जिथे असायला हवा होता तिथे तोंड नेऊन म्हणाली, "मी आईबरोबर जाऊ?"

प्रश्न घोकला त्याने होता, आणि विचारला तिने. विचार करायला वेळच मिळाला नाही. हात आपोआप वर गेला. पण त्याच क्षणी बाहेरचा लाउडस्पीकर कुणाचं तरी नाव घेऊन गर्जला आणि हात जरासा थबकला. तेवढ्या वेळात तिचं पुढचं वाक्य बोलून झालं होतं.

"तुला वाईट नाही ना वाटणार?"

ठण. ठण.

तिने श्वास सोडला. कानाशी होती म्हणून तो त्यालाही ऐकू आला. ती समोर आली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडलेला चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"नाही ना?" ती म्हणाली. "खरंच नाही ना वाटणार?"

त्याचं 'नाही' पहिल्या प्रश्नाला होतं. जाऊ नकोस, असं होतं. तिने ते दुसऱ्याला धरलं होतं. एवढंच सांगायचं होतं, आणि सांगणं सोपं होतं. बक्कल सोडायचं, डोकं काढायचं, तोंड उघडायचं. बोलला असता तर ती राहिलीही असती. तिचा स्वभाव त्याला ठाऊक होता. राहिली असती, आणि थंडीचं, शाळेचं, त्या फोटोंचं नाव पुन्हा कधी काढलं नसतं.

त्याने हात उचलला आणि झाकणावर सावकाश ठोकलं. एकदा. मग, जरा थांबून, आणखी एकदा.

तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं. पत्रा टोचत असणार, पण ती तशीच राहिली. त्याचे डोळे भरून आले, आणि आत हात पोचत नसल्यामुळे पुसताही येईनात. त्याने हनुवटीखाली चाचपडत बक्कल शोधलं.

तिने त्याचं मनगट धरलं.

"आत्ता नको काढूस, बाबा."

तो थांबला.

"तुझा चेहरा दिसत असता ना," खाली बघत ती म्हणाली, "तर मी विचारलंच नसतं."

तिला सगळं कळलं होतं की काय, हे त्याला विचारावंसं वाटलं. पण विचारायचं कसं, ते ठोक्यांच्या भाषेत बसत नव्हतं. त्याने मनगट सोडवून घेतलं आणि सुटत आलेला पट्टा एक भोक पुढे ओढून पक्का केला.

पडदा बाजूला झाला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या बाई हातवारे करून बोलावत होत्या. उजेड एकदम डोळ्यांत आला आणि फटीतून दिसत होतं तेही दिसेनासं झालं. मुलीने त्याचा हात घट्ट धरला.

"पायरी आहे," ती म्हणाली.

त्याने पाऊल उचललं.

"अजून एक. हळू."

तिने सांगितलं तिथे त्याने पाय ठेवला. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

"अजून आहेत?" त्याने आतून विचारलं. ठोक्याने बोलायचं नव्हतं, पण आवाज इतका बारीक होता की तिच्याखेरीज कुणाला ऐकू जाणार नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "संपल्या."