भरतीच्या ओळी

मंगळवारी सकाळी अकराला तिघं बसले आणि एकपर्यंत गाणं झालं. नॅशव्हिलमध्ये गाणी अशीच लिहिली जातात, दाताच्या डॉक्टरकडे जावं तशी वेळ ठरवून.

व्हर्लिन स्टॅम्प्स अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यातली तीस वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली होती. संगणकावर गाण्याचं संगीत बसवण्याचं काम जॉसकडे होतं. ती सत्तावीस वर्षांची, त्याला म्हातारबा म्हणायची. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन गायिका रॉमिली टेट बसली होती. ती आणि नट केड लिंडक्विस्ट वेगळे झाले त्याला सहा आठवडे झाले होते. वाणसामानाच्या दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभं राहिलं, की मासिकांवर तिचाच रडवेला चेहरा दिसायचा. तिला त्यावर गाणं हवं होतं.

दुसऱ्या कडव्यात एक ओळ अडली. ओळ अडली की चाल थांबू नये म्हणून काहीतरी भरतीचं म्हणायचं आणि उठण्याआधी ते काढून खरी ओळ घालायची, ही इथली रीत. बहुतेक जण खाण्याच्या पदार्थांची नावं घेतात. व्हर्लिनला स्वतःचा जिना आठवला.

"तिसरी पायरी कुरकुरते, मी ती टाळून येते."

जॉस म्हणाली, "म्हातारबा, सुतार बोलवायचा सोडून गाणी काय लिहितोस?"

रॉमिली हसली नाही. "तुम्हाला हे कोणी सांगितलं? केडच्या घरातली तिसरी पायरी कुरकुरायची. मी टाळायचे ती."

"जिने सगळीकडेच कुरकुरतात," व्हर्लिन म्हणाला. पण ओळ राहिली.

मग त्याने स्वतःच्या घरातल्या आणखी तीन गोष्टी दिल्या, कारण त्या चपखल बसत होत्या. टवका उडालेला निळ्या काठाचा मग. पीच सोलताना बायकोचं गुणगुणणं. आणि शेवटच्या कडव्यासाठी, घराची किल्ली साखरेच्या बरणीत टाकून निघून जाणं. वीस वर्षांपूर्वी त्याची बायको अडेल तशी गेली होती, बहिणीकडे, चार दिवस. मग ती परत आली होती. ते कडव्यात मावलं नाही.

प्रत्येक ओळीला रॉमिली म्हणाली, "हो. असंच झालं होतं."

संध्याकाळी घरी तिसरी पायरी कुरकुरली नाही. व्हर्लिन दोनदा खाली उतरून पुन्हा चढला.

वरून अडेल म्हणाली, "व्यायाम सुरू केलास की काय?"

"पायरी कोणी दुरुस्त केली?"

"काय झालं होतं तिला?"

बुधवारी सकाळी फडताळात मग नव्हता. "कुठला निळा मग?" अडेलने विचारलं. चेष्टा करताना तिची उजवी भुवई वर जायची. आज भुवई जागची हलली नाही.

दुपारी ती पीच सोलायला बसली. सुरीचा आवाज तेवढा येत होता.

"आज गुणगुणत नाहीस?"

"मी? मी कधी गुणगुणले?"

आता एकच ओळ उरली होती. व्हर्लिन अंगणात गेला आणि त्याने जॉसला फोन लावला.

"शेवटची ओळ बदलायची आहे. भरतीची आहे ती."

"चारही भरतीच्याच आहेत की. गाण्यात तेवढंच काय ते बरं आहे."

"जॉस, मी गंमत करत नाहीये."

"मग उद्या ये. दोनला रॉमिली पक्क्या रेकॉर्डिंगसाठी गाणार आहे. तिलाच सांग. माझ्या हातात काही नाही."

गुरुवारी निघताना त्याने अडेलची घराची किल्ली स्वतःच्या खिशात घातली. स्टुडिओत रॉमिली मध घातलेलं गरम पाणी पीत होती. तो तिच्यासमोर बसला.

"शेवटची ओळ माझ्या घरातली आहे. सगळ्याच आहेत. मला एवढी एक परत हवी आहे."

"पण मला सगळं आठवतंय. मी पीच सोलायचे आणि गुणगुणायचे. केड दारात उभा राहून ऐकायचा."

"तुला पीच आवडतात?"

"छे. मला तर वाससुद्धा..." ती थांबली. पेला तिने खाली ठेवला. मग म्हणाली, "ठीक आहे. दुसरी ओळ द्या. पण खरी हवी. खोटी माझ्या तोंडून निघत नाही."

व्हर्लिनने पेन्सिल घेतली. एखादी साधी गोष्ट पुरली असती. स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग त्याने आठवून पाहिला. मग पडदे. मग अडेलच्या बहिणीचं नाव. काहीच आठवेना. वीस मिनिटांनी कागद कोराच होता.

काचेपलीकडून जॉस म्हणाली, "म्हातारबा, लोक ताटकळलेत."

"राहू द्या," रॉमिली हळुवारपणे म्हणाली. "आहे तीच गाते."

ती दोनदा गायली. दुसऱ्यांदा फार चांगलं झालं. जॉसने डोळे पुसले.

सव्वाचारला व्हर्लिन घरी पोचला. अडेल स्वयंपाकघरात पीच सोलत बसली होती. तो दारातच थांबला आणि हसला. बरेच दिवस तो असा हसला नव्हता.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. तू आहेस."

"मग कुठे जाणार? बस. चहा ओतलाय. बर्फ घातलाय, पण साखर घालायची विसरले."

तो समोर बसला. टेनेसीत थंड चहा गोडच पितात, आणि तिथेच जन्मलेली बाई साखर घालायला विसरली होती. याबद्दल तिला पुढे महिनाभर चिडवता आलं असतं. तिने बरणी त्याच्याकडे सरकवली.

त्याने चमचा आत घातला. तो कशावर तरी आपटला. धातूचा आवाज झाला. व्हर्लिनने दुसरा हात खिशात घातला. खिसा रिकामा होता.

"अडेल," तो म्हणाला आणि त्याने वर पाहिलं.

समोर नुसती खुर्ची होती. बशीत अर्धा सोललेला पीच होता, आणि तो कधीचाच काळा पडला होता.