जड साखरेचा नैवेद्य

हिंगणा रोडवरच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत साखर बनायची, पण चहात घालायची नव्हे. दिसायला, चवीला तीच. फक्त तिच्यातला कार्बन किंचित जड. कुणाच्या पोटात गेली की तो जडपणा श्वासावाटे बाहेर येतो आणि यंत्र तो बरोबर ओळखतं. अपाय काही नाही. संशोधक ती मापाचा नमुना म्हणून मागवत.

त्या सोमवारी दामिनी यंत्रापुढे घामाघूम बसली होती. एका इस्पितळात अशक्त तान्ह्या बाळांवर अभ्यास सुरू व्हायचा होता. त्यांची साखर आज कुरिअरने निघायलाच हवी होती. पण प्रमाणपत्रावर सही करण्याआधी यंत्राला खोलीतली हवा दाखवायची आणि ती कोरी निघाली पाहिजे, असा नियम. हवा कोरी निघेना. शनिवारपासून कुलूप लावलेल्या खोलीत वाजवीपेक्षा जास्त जड कार्बन होता. जणू कोणी ती साखर खाऊन रविवारभर तिथं श्वास घेत बसलं होतं.

"काहून वं पोरी, तोंड उतरलं?" झाडू घेऊन आलेल्या सिंधूताईंनी विचारलं.

"ताई, इथली साखर कोणी खाल्ली काय?"

"मले काय येड लागलं?" मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "थोडीशी ठेवली होती, शालिकभाऊपुढं."

गणपतीशेजारी शालिकराम काकांची तसबीर होती. काका इथले जुने रसायनतज्ज्ञ, कीर्तनाचे वेडे. नवी साखर तयार झाली की देवापुढं घरगुती साखरेची वाटी ठेवायची, अभंगाची एक ओळ गायची, मगच पहिली कुपी बंद करायची, ही रीत त्यांचीच. मधुमेहामुळे प्रसाद मात्र ते नुसता कपाळाला लावत आणि वाटून टाकत. दिवाळीनंतर गेले.

"शनिवारी डब्यातली साखर सरली," सिंधूताई म्हणाल्या, "आन् टेबलावर तुमची सांडून होती. फेकू कशी? अन्न आहे ते. म्हटलं, जिंदगीभर साखरेत राह्यला बिचारा, आता तरी खाऊ दे त्याले."

वाटी जशीच्या तशी होती. पिठासारखी बारीक, इथलीच साखर. वर सिंधूताईंच्या बोटाचा ठसासुद्धा. दामिनीने चिमूटभर यंत्रात घातली.

साधी साखर. कण न् कण जागेवर, जडपणा तेवढा गेलेला.

दामिनीने वर पाहिलं. तसबिरीची काच आतून धुकटली होती.

तिने खिडक्या उघडल्या, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून साखर आणली, चपला काढून नवी वाटी ठेवली. "काका," ती म्हणाली, "ती लेकरांची आहे. ही तुमची."

दुपारी हवा कोरी निघाली. दामिनीने सही केली, कुरिअरवाला पेटी घेऊन गेला.

"गेला वाटते," सिंधूताईंनी सुस्कारा टाकला.

दामिनीने तसबिरीकडे पाहिलं. साधी साखर खाणाऱ्याचा श्वास यंत्राला वेगळा थोडाच कळतो?

काचेवरचं धुकं अजून होतं. दोघींनी काकांपुढच्या नव्या वाटीतल्या साखरेची चिमूट कपाळाला लावली, तोंडात टाकली. दाणे जिभेवर विरघळले.

"गोडीच नाही वं यात," सिंधूताई कुजबुजल्या.

दामिनीने हात जोडले. "खाऊ द्या त्यांले, ताई."